पोट बोलते, ऐकतो कोण?

लग्नाचे जेवण आटोपले, हात धुतले, की बडीशेपेच्या वाटीबरोबर हल्ली आणखी एक वस्तू हातोहात फिरते. कुणीतरी पर्समधून किंवा शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढते, स्वतः एक घेते आणि शेजाऱ्याला विचारते, "हवी का?" शेजारीही विड्याचे पान घ्यावे तशी एक घेतो. कसली गोळी, कुणी सांगितली, जेवणाआधी घ्यायची की नंतर, याची चौकशी कुणी करीत नाही. "अ‍ॅसिडिटीची आहे" एवढे म्हटले की पुरते.

अ‍ॅसिडिटी हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हेही आता आठवत नाही. छातीत जळजळले, अ‍ॅसिडिटी. डोके दुखले, अ‍ॅसिडिटी. पोट फुगले, आंबट ढेकर आले, मळमळले, जेवणावरची वासना गेली, तरी तीच. एका शब्दाने डझनभर तक्रारी गिळून टाकल्या आहेत. माझा आक्षेप आहे तो या गिळून टाकण्यालाच. पोट काहीतरी सांगत असते आणि आपण ते ऐकण्याआधीच त्याच्या तोंडावर हात ठेवतो.

हे बोलण्याचा मला अधिकार काय? मी डॉक्टर नाही. एका हायस्कुलात मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. पचनसंस्थेची आकृती रंगीत खडूंनी फळ्यावर किती वेळा काढली असेल, याची मोजदाद नाही. अन्ननलिका पिवळी, जठर तांबडे, यकृत तपकिरी. "सुबक आकृती काढून भागांना नावे द्या" या प्रश्नाला पोरांना पैकीच्या पैकी गुण मिळावेत म्हणून मी जिवाचे रान केले. पण त्याच आकृतीतल्या एका भागाने माझ्याच घरात हाक दिली, तेव्हा ती मला ऐकू आली नाही. ती गोष्ट पुढे येईलच. आधी ही वाट नीट पाहू.

समोरच्या दातांपासून जठराच्या तोंडापर्यंतचे अंतर मोठ्या माणसात साधारण चाळीस सेंटिमीटर भरते. म्हणजे जेमतेम हातभर वाट. तिच्या पुढे जठराची पिशवी आणि मग लहान आतड्याचा पहिला तुकडा. रोजच्या बहुतेक तक्रारी आणि काही जिवावरची दुखणी याच वाटेवरची असतात.

सुरुवात तोंडापासून. दिवसभरात आपल्या तोंडात एक ते दीड लिटर लाळ तयार होते. वर्गात मी एक प्रयोग हमखास करून घेत असे. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्यायचा आणि न गिळता दोन मिनिटे चावत राहायचे. हळूहळू तो गोड लागू लागतो. लाळेतले टायलिन पिठाची साखर करू लागलेले असते. पोरांना त्या गोडीची फार मौज वाटे. पण प्रयोगाचे खरे तात्पर्य पुढे आहे. दात फक्त तोंडात आहेत, जठरात नाहीत. तोंडाने टाळलेले काम पोटाच्या गळ्यात पडते. नाश्त्याचे पोहे चपला घालता घालता संपवणाऱ्या आपल्या पिढीने हे काम कधीच पोटावर ढकलून दिले आहे.

आणि तयारी तर त्याही आधी सुरू होते. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटते, हे आपण अनुभवाने जाणतोच. पण त्याच वेळी जठरातही रस पाझरू लागतो, हे रशियाच्या इव्हान पावलोव्हने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले. पचनक्रियेवरच्या त्याच्या कामाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जेवणाआधी श्लोक म्हणत दोन मिनिटे ताटासमोर बसण्याची आपल्याकडची रीत धर्माची म्हणा की वळणाची. पोटाला मात्र ती दोन मिनिटे कामाला लागण्यासाठी मिळत होती.

आता कंठमण्यावर बोट ठेवून एक आवंढा गिळून पाहा. कंठमणी वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. तेवढ्या क्षणात फार नाजूक गोष्ट घडते. अन्नाची वाट आणि श्वासाची वाट घशात एकमेकींना छेद देऊन जातात. घास मागे सरकला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनळीवर झाकण येते आणि घास त्यावरून मागच्या अन्ननलिकेत उतरतो. हसताना, बोलताना ही वेळ चुकली की ठसका लागतो. कुणीतरी आठवण काढली, असे आपण म्हणतो. खरे तर श्वासनळीने परक्याला दारातून हाकललेले असते.

अन्ननलिका ही नुसती नळी नव्हे. नळीतून पाणी उताराने पडते, तसा घास पडत नाही. पंचवीस सेंटिमीटरच्या या स्नायूंच्या नळीत घासाच्या मागून आकुंचनाची एक लाट उठते आणि त्याला पुढे ढकलत नेते. त्यामुळे शीर्षासनात गिळलेला घाससुद्धा जठरातच जातो. पाणी क्षणार्धात उतरते, घट्ट घासाला आठ-दहा सेकंद लागतात. घास गिळेपर्यंत मालक आपण. एकदा तो घशाखाली गेला की आपली सत्ता संपली.

या नळीला फार भाषा येत नाही. तिच्याजवळ मुख्यतः दोनच शब्द आहेत. एक 'जळते' आणि दुसरा 'अडते'. पहिला शब्द आपण रोज ऐकतो. दुसरा क्वचित येतो, आणि तो आला की बाकी सारी कामे बाजूला ठेवायची असतात. हे मला तेव्हा कुणी शिकवले नव्हते, आणि मीही कुणाला शिकवले नव्हते.

२०११ सालचे गणपती. आम्ही नेहमीप्रमाणे गावाकडे गेलो होतो. माझे थोरले भाऊ, अण्णा, पंगतीत सर्वांच्या नंतर उठत. तसे ते पहिल्यापासून सावकाश जेवणारे. पण त्या वेळी ते भाकरी दुधात कुस्करून खात होते. भाकरी, ठेचा आणि कांदा यांवर वाढलेला माणूस दूधभाकरी खातो आहे, हे माझ्या डोळ्यांना दिसले; डोक्यात मात्र शिरले नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांना हल्ली घास लागतो. वर पाणी प्याल्याशिवाय उतरत नाही." अण्णा म्हणाले, "काही नाही रे, दाढा गेल्यात. आणि पित्त वाढलंय." मीही मान डोलावली. येताना तालुक्याच्या गावातून गोळ्यांच्या दोन पट्ट्या आणून दिल्या. एकतीस वर्षे ज्याने अन्ननलिका पिवळ्या खडूने रंगवली, त्याने हे केले.

दिवाळीला अण्णा मऊ भातावर आले होते. संक्रांतीला पेजेवर. अंगावरचा सदरा सैल झाला होता. सगळे म्हणत, वय झाले. तंबाखूची चंची मात्र सुटली नव्हती. २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांना शहरात आणून दुर्बिणीने तपासले, तेव्हा अन्ननलिकेतली गाठ वाट जवळजवळ बंद करून बसली होती. आधी भाकरी अडायची, मग भात, मग पेज. हा क्रम म्हणजेच त्या रोगाची सही होती. ती सहा महिने आमच्या ताटांशेजारी पडून होती. त्या वर्षीचा दसरा अण्णांनी पाहिला नाही.

लवकर गेलो असतो तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. हा रोग वाईट आहे. पण लवकर कळले की डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे बरेच असते, उशीर झाला की थोडेच उरते. आमचे ते सहा महिने 'पित्त' या एका शब्दात गेले.

या शब्दाकडेही जरा पाहायला हवे. मराठीत आपण पित्त हा शब्द निदान तीन गोष्टींसाठी वापरतो. अंगावर खाज सुटून गांधी उठल्या की 'पित्त उठले'. छातीत जळजळले की 'पित्त झाले'. आणि उलटीत पिवळे, कडू पाणी पडले की 'पित्त पडले'. यांतले पहिले बहुधा अ‍ॅलर्जीचे काम. दुसऱ्यात जठरातले आम्ल वर आलेले असते. तिसऱ्यात मात्र खरोखरच यकृतात तयार होणारा पित्तरस असतो. तो आम्ल तर नसतोच, उलट अल्कधर्मी असतो. आयुर्वेदाची पित्ताची कल्पना याहून वेगळी आणि व्यापक आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. पण तिन्हींना एकच नाव दिले की तिन्हींवर एकच उपाय केला जातो. नावे देणे हे नुसते आकृतीतल्या गुणांपुरते नसते, ते असे.

आता 'जळते' या शब्दाकडे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप आहे. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल तिला बाहेरून आधार देतो. घास आला की ती उघडते, गेला की मिटते. ती ढिली पडली किंवा भलत्या वेळी उघडली की जठरातले आम्ल वर येते. जठराला आम्ल सोसायची सवय आहे, अन्ननलिकेला नाही. म्हणून जळजळ होते. म्हणजे पुष्कळदा आम्ल जास्त झालेले नसते. ते चुकीच्या जागी गेलेले असते. चुलीतला विस्तव आणि पदरावरचा विस्तव यांत जो फरक, तोच इथे आहे.

हे कळले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. भरपेट जेवून लगेच आडवे झाले की जळजळते, कारण पिशवी भरलेली आणि तोंड कलते. घट्ट जेवण जठरातून पुढे जायला तीन-चार तास लागतात, तळलेले आणि तुपकट असेल तर आणखी जास्त. पोटाचा घेर वाढला किंवा कमरेला करकचून आवळले की खालून दाब वाढतो. तंबाखू आणि दारू झडप ढिली करतात. रात्री झोपेत लाळ कमी होते आणि आपण गिळतही कमी. त्यामुळे वर आलेले आम्ल धुऊन जात नाही. आणि आपली वामकुक्षी! डाव्या कुशीवर झोपले की जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि अन्ननलिकेचे तोंड त्याच्या वर. उजव्या कुशीवर नेमके उलटे होते. ज्यांना रात्री जळजळते त्यांनी डाव्या कुशीवर झोपावे, पलंगाच्या उशाकडचे पाय थोडे उंच करावेत, असे डॉक्टरही सांगतात. जुन्या माणसांनी कूस बरोबर निवडली होती. मात्र ज्यांना हा त्रास आहे त्यांनी जेवणाच्या पाटावरून थेट कोणत्याच कुशीवर जाऊ नये.

या आम्लाची बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे. जठरात काय चालते हे माणसाला फार काळ ठाऊक नव्हते. ६ जून १८२२ या दिवशी अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात जवळून बंदुकीची गोळी घुसली. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवले, पण जखमेचे भोक कायमचे राहिले. ते थेट जठरात उघडत होते. ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे तुकडे बांधून त्या खिडकीतून आत सोडले, वेळ मोजली, रस काढून बाटलीत तपासला. १८३३ साली त्याने हे सारे पुस्तकात छापले. पचन ही रसायनक्रिया आहे हे त्यातून पक्के झाले. सेंट मार्टिन चिडलेला असला की पचन बिघडते, अशीही नोंद ब्यूमाँटने केली आहे. त्या बिचाऱ्याला चिडायला कारण होते. पोटात दोरे सोडू देण्याच्या नोकरीला कंटाळून तो अनेकदा घरी निघून गेला. पुढे डॉक्टर १८५३ मध्ये वारला; भोक असलेला माणूस १८८० पर्यंत जगला.

त्या रसातले आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने त्याआधीच, १८२४ मध्ये सांगितले होते. हे आम्ल लिंबाच्या रसाहून तीव्र असते. जठरात रोज सुमारे दोन लिटर रस तयार होतो. त्यामुळे अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मरतात. प्रथिने तोडणारे पेप्सिन आम्ल असेल तरच काम करते. अन्नातले बी-१२ जीवनसत्त्व सुटे व्हायला आम्ल लागते, आणि लोह शोषले जायलाही त्याची मदत होते. शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी मिळते. त्यावर वर्षानुवर्षे आम्ल दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांची भर पडली तर काय होईल, याचा विचार करावा.

मग हे आम्ल खुद्द जठराला का खात नाही? कारण आतून चिकट श्लेष्माचा लेप असतो, त्यात आम्ल मारणारा क्षार असतो आणि वरच्या थरातल्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. दर चार दिवसांनी भिंत नवी सारवणारे घर म्हणा ना! पुढच्या वाटेवरही बंदोबस्त आहे. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली दुसरी झडप अन्नाचा पातळ लगदा थोडाथोडा करून पुढे सोडते. पुढे लहान आतड्याचा पहिला तुकडा, ड्युओडेनम. बारा बोटांच्या रुंदीइतका लांब, म्हणून त्याला हे लॅटिन नाव पडले. आम्ल तिथे पोचताच आतड्याच्या अस्तरातून एक रस रक्तात जातो आणि स्वादुपिंडाला निरोप देतो, की क्षार पाठव. लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये हा निरोप्या शोधला. 'सिक्रेटिन' हे त्याचे नाव. अशा रासायनिक निरोप्यांना पुढे हार्मोन म्हणू लागले. पित्तरसही इथेच येऊन मिळतो. इतकी चोख व्यवस्था असताना आपण आम्लालाच गुन्हेगार ठरवतो.

ही व्यवस्था मोडते तेव्हा अल्सर होतो, म्हणजे जठराला किंवा ड्युओडेनमला आतून जखम. दीर्घकाळ अल्सरचे खापर तिखट खाण्यावर आणि काळजीवर फोडले जात असे. घरोघरी मिरचीवर बंदी आणि दर दोन तासांनी थंड दूध. दूध पिताना बरे वाटते, पण त्यानेही थोड्या वेळाने आम्ल पुन्हा पाझरते. खरा आरोपी ऑस्ट्रेलियात पर्थ इथे सापडला. रॉबिन वॉरन यांना जठराच्या अस्तरात वाकडे जंतू दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल ते प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते, आणि वाढत नव्हते. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढले. एवढ्या आम्लात जंतू राहूच शकत नाहीत, असे मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतः पिऊन टाकले आणि काही दिवसांत जठराची सूज ओढवून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आज या जंतूंमुळे झालेला अल्सर ठरावीक दिवसांच्या औषधांनी मुळापासून बरा होतो. पण त्यासाठी आधी तो आहे की नाही हे तपासावे लागते. नुसती जळजळ दाबत राहिले तर तो आत सुखाने नांदतो.

दुसरा मोठा आरोपी आपल्या घरच्या डब्यात असतो. गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखी यांवरच्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या जठराचा तो संरक्षक लेपच दुबळा करतात. आजी गुडघ्यासाठी एक गोळी घेते, त्याने पोटात जळजळते म्हणून दुसरी घेते, आणि दोन्ही विनाचिठ्ठीच्या. कधी जळजळही होत नाही, थेट रक्तस्राव होतो आणि शौचाला डांबरासारखी काळी होते. ते आतले रक्त असते, हे घरात कुणाला ठाऊक नसते.

मी गोळ्यांच्या विरुद्ध नाही. १९७६ पर्यंत अल्सरसाठी किती जणांची जठरे कापावी लागत, हे जुने सर्जन सांगतील. त्या वर्षी ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले औषध बाजारात आले, पुढे त्याहून प्रभावी औषधे आली, आणि असंख्य माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलावरून वाचली. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले, ते सार्थच. ज्यांना डॉक्टरांनी ही औषधे दिली आहेत त्यांनी हा लेख वाचून ती परस्पर बंद करू नयेत. माझे भांडण आहे ते बडीशेपेसारख्या वाटल्या जाणाऱ्या गोळीशी. या वर्गातल्या आजच्या पुष्कळ गोळ्या जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायच्या असतात. पंगत उठल्यावर घेतलेली गोळी मुख्यतः मनाला बरे वाटावे म्हणून असते. आणि ज्या रॅनिटिडीनच्या पट्ट्या आपण वर्षानुवर्षे डोळे मिटून घेतल्या, ते औषध घातक अशुद्धीच्या शंकेवरून अमेरिकेने २०२० मध्ये बाजारातून काढायला लावले आणि भारताने २०२२ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले. रोजचे म्हणून निरुपद्रवी, असा नियम नाही.

कुणी म्हणेल, हे सारे खरे, पण पोट जरा जळजळले की काय प्रत्येकाने तपासण्या करीत बसायचे? नाही. एखाद्या दिवशी चार भजी जास्त झाली, जळजळले, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण दोन-तीन आठवडे तक्रार सुरूच असेल, किंवा गोळी थांबवली की परत येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि काही गोष्टींत एक दिवसही थांबू नये. घास अडणे. रक्ताची उलटी किंवा काळी शौच. कारण नसताना वजन उतरणे. चेहरा पांढरा पडणे, दम लागणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार. ही पोटाची कुरबुर नाही, हाक आहे.

छातीतल्या प्रत्येक जळजळीला 'गॅस' म्हणण्याचीही घाई नको. अन्ननलिका आणि हृदय शेजारी शेजारी राहतात, दोघांच्या वेदना मेंदूला पुष्कळदा सारख्याच वाटतात. छातीवर दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चालल्यावर वाढणारे दुखणे यांत सोडा पिऊन वाट पाहायची नसते, तडक ईसीजी काढायचा असतो. मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि बायकांत तर हृदयविकार कधी कधी नुसत्या मळमळीच्या वेशात येतो.

दुर्बिणीच्या तपासणीचीही लोकांना फार भीती वाटते. अण्णाही म्हणाले होते, "नळी गिळायची? त्यापेक्षा मेलेलं बरं." तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते, हे १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवले. तो निबंध वाचून अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचिक दुर्बीण बनवली आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतःच्या घशात घातली. आज घसा बधिर करून काही मिनिटांत ही तपासणी होते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही होते. अण्णांची झाली तेव्हा ते बाहेर येऊन म्हणाले, "एवढंच होतं होय?" ते वाक्य मला आजही झोपू देत नाही.

शेवटी घरातल्या बाईबद्दल. सगळ्यांची पाने वाढून, ओटा आवरून ती सर्वांच्या शेवटी, रात्री साडेदहाला, उरलेसुरले खाते आणि पाठ टेकते. आठवड्यातून दोन उपास, त्यात साबुदाण्याची खिचडी आणि चार वेळा चहा. तिला 'अ‍ॅसिडिटीची सवयच आहे' असे आपण कौतुकाने सांगतो. सवय कसली? पहिल्या पंगतीला तिचे पान मांडले तर तिच्या अर्ध्या गोळ्या वाचतील. यासाठी कोणत्याही औषधाची गरज नाही. ताटे एकदम घ्यावीत आणि वाढायला सर्वांनी उठावे, इतकेच.

निवृत्तीनंतर अधूनमधून मला जुन्या शाळेत बोलावतात. अजूनही मी तीच आकृती काढतो. मात्र आता नावे देऊन झाली की प्रत्येक भागाशेजारी पोरांकडून एक ओळ लिहून घेतो, की हा भाग बिघडला तर काय सांगेल. परीक्षेत त्याला गुण नाहीत. पण घरी जाऊन एखादा पोरगा आजोबांना विचारेल, अशी आशा आहे. जेवताना आपण एकमेकांना किती प्रेमाने विचारतो, "आणखी वाढू का?" त्याबरोबर कधीतरी हेही विचारावे, "घास नीट उतरतो ना?" आणि उत्तर नीट ऐकावे.